साध्या पाण्यातला भात

मी बोलतोय तो पहिल्या टबातला, तिसऱ्या ओळीतल्या चौथ्या भोकातला भात. एवढा सविस्तर पत्ता द्यायचं कारण म्हणजे आम्ही एकशे आठ रोपं होतो आणि दिसायला सगळी एकसारखी. जातीने मी राता. दाणा जाड, तांदूळ लाल. रायगडच्या खारेपाटाबाहेर मला फारसं कोणी ओळखत नाही, आणि चंदीगडमध्ये तर ओळखायचा प्रश्नच नव्हता. इथे भात म्हणजे लांब दाण्याची बासमती, नाहीतर राजम्याखाली असतो तो.

ही काही पराक्रमाची कथा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मला काहीही न होणं हेच माझं काम होतं. दुसऱ्या टबातल्या रोपांना मीठ मिळणार होतं, तिसऱ्यातल्यांना नुसती तहान, आणि मला साधं पाणी. त्यांच्यात काय बदललं हे समजायला एक न बदललेला लागतो, तो मी. माणसांच्या घरातही असा एखादा असतो. त्याला कधी काही होत नाही असं सगळे धरून चालतात आणि त्याच्याकडे बघायचं राहून जातं.

माझा दाणा पिकला पेण तालुक्यात, खाडीच्या बांधाला लागून असलेल्या एका खाचरात. शेत अच्युतरावांचं. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की खाडीचं पाणी सरळ आमच्या पायात येई. आसपासचे भात मान टाकत, राता उभा राही. ह्यात माझी हुशारी काही नाही; माझ्या आधीच्या शेकडो पिढ्यांत जे उभे राहिले नाहीत, त्यांचे दाणे पुढे आलेच नाहीत, इतकंच.

अच्युतरावांची एक सवय मी लोंबीत असल्यापासून पाहिली होती. खाचरात पाणी घ्यायच्या आधी ते वाकून बोट बुडवत आणि जिभेला लावत. जरा थांबत. मग एकतर बांधाचं दार उघडत, नाहीतर मागे वळून घरी जात. त्या गावात सगळेच असं करत. कोणी कोणाला शिकवल्याचं मला दिसलं नाही.

पुढे त्या पट्ट्यात कोळंबीचे तलाव झाले आणि अच्युतरावांचं खाचरही त्यात गेलं. शेवटच्या पिकातले चार मुठी दाणे त्यांनी लोणच्याच्या एका बरणीत भरले आणि धाकट्या भावाच्या हाती दिले. तो धाकटा भाऊ म्हणजे अविनाश. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरी, एकोणतीस वर्षांत नऊ बदल्या, त्यातली आत्ताची चंदीगडची. दाणे हवे होते त्यांच्या मुलीला, क्षितिजाला. ती इथल्या एका प्रयोगशाळेत भातावर संशोधन करत होती; पीएचडीचं तेव्हा दुसरं वर्ष होतं, आता पाचवं. असा मी रुमालात गुंडाळलेल्या बरणीतून, कपड्यांच्या बॅगेतून उत्तरेला आलो आणि प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये तीन वर्षं पडून राहिलो. त्या तीन वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. थंडी होती.

जूनमध्ये मला बाहेर काढलं. औषधाच्या पाण्यात धुतलं, ओल्या कागदावर मोड आणले आणि थर्माकोलच्या पाटीला पाडलेल्या एका भोकात बसवलं. वर पान, खाली टबातल्या पाण्यात लोंबणारी मुळं. मातीचा संबंध नाही. त्या खोलीत ऊन नव्हतं, दिवे होते, आणि सकाळ बटणावर होई. खतं विरघळवलेलं पाणी क्षितिजा स्वतः बनवायची, इतक्या काटेकोरपणे की तिची आई रत्नप्रभा एकदा म्हणाली होती म्हणे, एवढं लक्ष स्वयंपाकात घातलं असतंस तर. क्षितिजाने ते हसत हसत आपल्या मॅडमना सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

ती काय शोधत होती ते माझ्या बाजूने सांगतो. पाण्यात मीठ आलं की रोपावर दोन संकटं येतात, एकामागून एक. पहिलं तहानेचं. मुळं पाण्यात बुडालेली असतात, पण मीठ ते पाणी धरून ठेवतं, आम्हाला ओढू देत नाही. हे काही मिनिटांत जाणवतं. आम्ही पानांवरची बारीक तोंडं मिटून घेतो आणि वाढ थांबवतो. दुसरं संकट सावकाश येतं. मीठ स्वतःच मुळांतून वर चढतं, पानांत साठतं आणि पान टोकाकडून जळत येतं. जुनी पानं आधी जातात.

ह्या दोन्हींवरची उत्तरं आमच्या जनुकांत असतात. प्रत्येक पेशीत हजारो जनुकं, त्यातली पुष्कळशी एरवी निजलेली. त्यातलं एक जनुक देठाकडे निघालेलं मीठ वाटेतच गाठून परत फिरवतं. क्षितिजा त्याला दारवान म्हणायची. जनुक जागं झालं की ते कामाच्या चिठ्ठ्या काढतं. आमच्या पानाचा तुकडा कापायचा, तो धूर निघणाऱ्या अतिथंड द्रवात टाकून जागच्या जागी गोठवायचा, आणि त्यात कुठल्या जनुकाच्या किती चिठ्ठ्या आहेत ते मोजायचं, हे तिचं काम. तिसऱ्या टबात ती एक पांढरी भुकटी घालणार होती. त्या भुकटीने मिठाशिवाय तहान लागते. म्हणजे तहानेने कोण उठतं आणि खुद्द मिठाने कोण, हे वेगळं काढता येतं. राता आपल्या दारवानाला नेमका कधी उठवतो, एवढ्या एका प्रश्नावर तिचा प्रबंध अडला होता. तो सुटला की दिवाळीपर्यंत प्रबंध देऊन मोकळं व्हायचं, असं घरात ठरलं होतं.

प्रयोग सुरू होण्याच्या आठवड्यातच प्रयोगशाळेचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं. दुरुस्त करणारा म्हणाला, सुटा भाग दिल्लीहून येईल, आठ-दहा दिवस पक्के. रोपं मात्र थांबत नाहीत. चंदीगडला त्यांच्या घराच्या नळाला येतं ते ट्यूबवेलचं पाणी इतकं जड की बादल्यांवर पांढरे थर बसतात, त्यामुळे नळाचं पाणी चालणार नव्हतं. क्षितिजाने वडिलांना फोन करून विचारलं, घरच्या पिण्याच्या फिल्टरचं पाणी आणता येईल का, वीस लिटरचे सहा कॅन तरी लागतील. अविनाशरावांना मुलीने काही मागितलं की अंगात दहा माणसांचं बळ येई. नोकरीपायी ह्या मुलीने सहा शाळा बदलल्या होत्या, त्याची भरपाई ते अशी कॅन उचलून करत. दर दिवसाआड ऑफिसला जाताना दोन कॅन स्कूटरवर, एक पुढे एक मागे. दुसऱ्या मजल्यापर्यंत स्वतः चढवत. शिपायाने हात पुढे केला तर म्हणत, रहने दो जी, मेरी बेटी का काम है.

पहिला कॅन गोडा होता. दुसऱ्यापासून पाण्याची चव बदलली.

मला लगेच कळलं. मुळाच्या टोकापाशी ओळखीचं काहीतरी आलं, पेणच्या खाचरात होतं तसलं, पण पुष्कळ सौम्य. दारवान उठला आणि कामाला लागला. त्याला हे चंदीगड आहे, हा पहिला टब आहे आणि आपण झोपून राहायचं ठरलंय, हे कोण सांगणार? क्षितिजा रोज पाण्याचा आंबटपणा मोजे. खारेपणा मोजायचं यंत्रही तिथेच टेबलावर होतं, पण ते ती फक्त दुसऱ्या टबात बुडवायची, कारण मीठ तिथेच घालायचं होतं. आमच्याबरोबर मिठाला न टिकणारा नाजूक भात असता तर त्याने दोन दिवसांत बोंब मारली असती. त्याचा प्रयोग मात्र गेल्या महिन्यातच, यंत्र चालू असताना, उरकला होता. आम्ही रातेच तेवढे, एवढ्याशा मिठाने पडणारे नव्हतो. माझ्या सगळ्यात जुन्या पानाचं टोक पांढरं पडलं आणि वाळलं. कुणी बघितलं नाही. पहिल्या टबाकडे कोण बघतं?

तिने तीन तुकड्यांत मोजणी केली, नियमाप्रमाणे, आणि तिन्ही तुकड्या यंत्र बंद होतं त्याच नऊ दिवसांच्या पाण्यातल्या. आकडे आले तेव्हा ती खुर्चीत बसलेली उठून उभी राहिली. साध्या पाण्यातल्या रात्यातही दारवान जागा होता. दुसऱ्या टबात मीठ घातल्यावर चिठ्ठ्या थोड्या वाढल्या, फार नाही. ह्याचा अर्थ एकच निघत होता: हा भात मिठाची वाट बघतच नाही, तो जन्मतःच तयार असतो.

तिच्या मार्गदर्शक ग्रेवाल मॅडम म्हणजे कमी बोलणारी बाई. त्यांच्या प्रयोगशाळेत दारावरच मोठ्या अक्षरांत पाटी आहे, आत काहीही तोंडात घालायचं नाही. पेनाचं टोपण चावलं तरी त्या बाहेर काढतात. त्या बाईंनी तो आलेख तीनदा पाहिला आणि त्या दिवशी सगळ्यांना बाहेरून समोसे मागवले. लेख लिहायला घेतला. परदेशातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना कळवलं, माझ्याकडे एक मुलगी आहे, पुढच्या संशोधनाला घेण्यासारखी. अविनाशरावांनी इथल्या महाराष्ट्र मंडळात ज्याला त्याला धरून सांगितलं, आमच्या गावचा भात साध्या पाण्यातसुद्धा सावध असतो. ते हे इतक्या वेळा सांगत की रत्नप्रभाबाई त्यांना उरलेलं वाक्य पुरं करून देत.

मी ऐकत होतो. राता खरंच जन्मतः तयार असतो की नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझा शब्द कुठल्या शास्त्रीय मासिकात चालत नाही. तिथे मोजलेलं लागतं, आणि मोजलं गेलं होतं ते वेगळंच.

प्रयोग संपला की उरलेली रोपं पिशवीत भरून, वाफेत शिजवून टाकून देतात. पहिल्या टबातली आम्ही पाच क्षितिजाने काढून ठेवली. कारण शास्त्रीय नव्हतं. काकांच्या शेतातला हा शेवटचा भात, तिच्याने टाकवेना, एवढंच. आम्हाला पाच काचेच्या पेल्यांत घालून तिने व्हरांड्यातल्या खिडकीत ठेवलं. यंत्र तोवर दुरुस्त झालं होतं, आता पाणी खरोखर साधं होतं. नवीन पान आलं ते टोकापर्यंत हिरवं.

जुलैतल्या एका शनिवारी अविनाशराव आपले रिकामे कॅन न्यायला आले. क्षितिजा आत कामात होती. त्यांनी कॅन गोळा केले. एकाच्या तळाशी पेलाभर पाणी उरलं होतं. पाणी फेकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खिडकीत मी दिसलो, आणि ते वाकले. माझ्या पेल्यात ओतायच्या आधी, काही विचार न करता, त्यांनी कॅनच्या तोंडाशी बोट ओलं केलं आणि जिभेला लावलं.

पेण सोडून त्यांना चौतीस वर्षं झाली होती. बोटाला ते माहीत नव्हतं.

ते तसेच वाकलेले राहिले. मग पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाखलं. कॅन खाली ठेवून ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले, आणि तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांची नजर नवीन पानावरून खाली जुन्या पानावर गेली, वाळक्या पांढऱ्या टोकावर थांबली. खारेपाटात वाढलेल्या माणसाला त्या टोकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं. कॅन उचलून स्कूटरला लावायचे आणि घरी जाऊन धुवायचे, एवढंच काम होतं. त्यांनी एक कॅन उचललाही. जिन्याच्या तोंडापर्यंत गेले, तिथे उभे राहिले, आणि परत आले. दारावर टकटक करून त्यांनी मुलीला बाहेर बोलावलं.

"हे पाणी खारट आहे," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही चाखलंत? इथे काही तोंडात घालायचं नसतं."

"चाखलं. खारट आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पिण्याच्या फिल्टरमधून पाणी बारीक धारेने येतं. पहिला कॅन भरायलाच दोन तास गेले. ऑफिसची वेळ होत होती. गच्चीवर पाणी मऊ करायचं यंत्र होतं, रत्नप्रभाचे केस गळायला लागले म्हणून दोन वर्षांपूर्वी बसवलेलं. बाकीचे कॅन त्यांनी तिथल्या नळाला लावले. त्यांना वाटलं, तेही यंत्रातूनच आलेलं, स्वच्छ, ह्यात सांगण्यासारखं काय आहे.

पुढे त्या यंत्राशेजारी मी चार महिने काढले, त्यामुळे त्याची तऱ्हा मला चांगली माहीत आहे. पाण्यातला जडपणा काढून घेऊन ते त्या जागी मिठाचा अंश सोडतं, आणि ते दमलं की त्याला जाडं मीठ भरवावं लागतं. मग खारं पाणी बराच वेळ वाहू देऊन यंत्र धुऊन काढायचं. अविनाशरावांनी मीठ भरण्यात कधी हात आखडला नाही. पाणी वाया जातं म्हणून धुणं मात्र ते निम्म्यावर थांबवत. त्या यंत्राचं पाणी घरात फक्त आंघोळीला आणि कपड्यांना जाई, प्यायला कोणी घेत नसे. जिभेशी त्याची गाठच पडली नव्हती.

क्षितिजाने आतून खारेपणा मोजायचं यंत्र आणलं आणि कॅनमध्ये बुडवलं. आकडा स्थिर होईपर्यंत दोघंही बघत राहिली. मग ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिचा चेहरा उतरला, आणि आवाजही.

"मॅडम सोमवारी लेख पाठवणार आहेत," ती म्हणाली.

"म्हणून तर आज सांगितलं."

खाली पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी लावत होतं.

"तुम्ही कॅन घरी नेऊन धुतले असते तर मला कधीच कळलं नसतं, बाबा."

"हो." ते पायरीवर तिच्याशेजारी बसले. "मला मात्र कळलेलं राहिलं असतं."

त्यांना वाईट वाटत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. डोळे पुसले, नाक शिंकरलं. वहीत माझं नाव लिही, ते म्हणाले, पाणी मी आणलं. ती नको म्हणाली. पाणी कोणी का आणेना, टबात ओतण्यापूर्वी तपासायचं काम तिचं होतं. आतून वही आणून तिने त्या नऊ दिवसांच्या पानावर तारीख घालून लिहिलं: पाणी बाहेरचं, तपासलं नाही, चूक माझी. इंग्रजीत लिहिलं, कारण वही इंग्रजीत होती.

सोमवारी ती मॅडमसमोर उभी राहिली तेव्हा पुरावा म्हणून मला पेल्यासकट घेऊन गेली होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मला उचललं, उजेडात फिरवलं, खालच्या पानाचं टोक दोन बोटांत धरलं.

"ये तो पहले दिन से बोल रहा था," त्या म्हणाल्या. "हमने पूछा ही नहीं." मग पेला खाली ठेवून विचारलं, "पुत्तर, बीज कितने बचे हैं?"

बाकीचे आधीच्या चाचण्यांत संपून बरणीत एकोणीस दाणे उरले होते, तेही तीन वर्षांपूर्वीचे. पेणला कोळंबी पोहत होती. एकोणीस दाण्यांत प्रयोग होत नाही. बियाणं वाढवायचं असेल तर पेल्यांतली आम्ही पाच रोपं मातीत लावायची, लोंब्या येईपर्यंत सांभाळायची, आणि त्या दाण्यांवर सगळं पहिल्यापासून करायचं. लेख कपाटात गेला. परदेशातल्या प्राध्यापकांना मॅडमनी स्वतः कळवलं, काय झालं आणि कोणी सांगितलं, दोन्ही. दिवाळीचा वायदा मोडला.

प्रयोगशाळेच्या जाळीघराचं छप्पर बदलायचं चाललं होतं, त्यामुळे आम्ही पाचजण सेक्टर बत्तीसमधल्या त्यांच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर गेलो, पाच प्लास्टिकच्या बादल्यांत. तिथे मी पेणनंतर पहिल्यांदा उघडं ऊन पाहिलं. माती लागली, फुटवे फुटले. यंत्र अविनाशरावांनी बंद करून त्यावर गोणपाट टाकलं होतं. रत्नप्रभाबाईंनी काही दिवस केसांवरून कुरकूर केली, मग त्याही थांबल्या.

रोज सकाळी आंघोळीआधी अविनाशराव बनियनवर गच्चीत येत. नळाखाली पाण्याचा मग भरत, बोट बुडवत, जिभेला लावत. जरा थांबत. मग माझ्या बादलीत ओतत. दुसरा मग, पुन्हा बोट. एकच नळ, एकच पाणी, तरी प्रत्येक मग चाखून. वाळत घातलेल्या कपड्यांमागून रत्नप्रभाबाई म्हणत, अहो, नळाचं पाणी आहे ते, खाडीचं नाही. ते मान हलवत आणि चाखत राहत.

सप्टेंबरात त्यांच्या बदलीची ऑर्डर आली, भोपाळची. नोव्हेंबरच्या मध्यावर हजर व्हायचं होतं. एरवी ह्या घरात बदली म्हणजे खोके, दोऱ्या आणि मार्करने लिहिलेल्या चिठ्ठ्या. सगळ्यांना सवय होती. ह्या खेपेला क्षितिजा मागे राहणार होती, होस्टेलवर, निदान वर्षभर. गच्चीवर पापड उलटताना रत्नप्रभाबाई एकदाच म्हणाल्या, "झालं असतं ना आत्तापर्यंत सगळं." अविनाशराव माझ्या बादलीपाशी बसले होते. त्यांनी ऐकलं. हातातला मग तसाच धरून ते बसून राहिले. त्यांना काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. माझ्याजवळ मीठ मोजायचं जनुक आहे, तहान मोजायचं आहे, ते मोजायचं नाही. त्या दिवशी माझ्या बादलीत दोनदा पाणी पडलं, एवढं खरं.

ऑक्टोबरात माझ्या लोंब्या बाहेर आल्या. पोपट येऊ लागले तेव्हा रत्नप्रभाबाईंनी आपली एक सुती साडी फाडून आमच्यावर बांधली, बाजारातली हिरवी जाळी चांगली नव्हती म्हणून. दाणे भरले, लवले, तांबूस झाले.

घर रिकामं करायच्या आदल्या रविवारी आमची कापणी झाली, स्वयंपाकघरातल्या कात्रीने. खाली टेम्पोत पलंग चढत होता. क्षितिजाने लोंब्या वर्तमानपत्रावर झोडल्या. पाच बादल्यांतून दाणे निघाले ते त्या लोणच्याच्या बरणीत भरले, आणि बरणी गळ्यापर्यंत आली. तिला धीर धरवेना. ह्या ऋतूतल्या ताज्या दाण्याला मोड येतात का, हे आत्ताच बघायचं होतं. तिने स्टीलच्या वाटीत माझे वीस दाणे घेतले आणि पिशवीतून प्रयोगशाळेच्या पाण्याची बाटली काढली. खारेपणा मोजायचं यंत्रही बरोबर आणलं होतं. बुडवलं, आकडा बघितला, तो शून्याला टेकला होता. अविनाशराव शेजारी उभे राहून बघत होते, हात मागे बांधून. बाटलीला हात लावायची त्यांची हिंमत नव्हती.

तिने त्यांच्या तळहातावर थोडं पाणी ओतलं.

"चाखा, बाबा."

"प्रयोगशाळेचं आहे ना ते."

"आपण गच्चीवर आहोत."

त्यांनी बोट ओलं केलं, जिभेला लावलं, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. "गोडं आहे," ते म्हणाले.

मग ती वाटी भरली.

मी आता धसकट आहे. बादलीत चार बोटं उंच, रंगाने मळका पिवळा. उद्या नवे भाडेकरू येतील आणि बादल्या रिकाम्या करतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाताचं एवढंच असतं. माझे दाणे थंडी सरली की पुन्हा तीन टबांत बसतील आणि त्यातला एक पहिल्या टबात, तिसऱ्या ओळीतल्या चौथ्या भोकात येईल. त्याला काही होऊ देऊ नका. आणि त्याच्याकडेही अधूनमधून बघत जा, एवढी विनंती.

जाण्यापूर्वी क्षितिजाने नवी वही उघडली. पहिल्या पानावर तारीख घातली, वेळ घातली, पाण्याचा आकडा लिहिला, सगळं इंग्रजीत. तपासणाऱ्याचं नाव लिहायच्या जागी पेन थांबलं. तिथे तिने मराठीत लिहिलं: बाबा.